डोंबिवली ते खडवली: पाच मिनिटांच्या औषधासाठी सात दिवस

शनिवार, तीन जानेवारी. रक्कम रुपये शंभर. हजर: मी, माझी पत्नी सुनीता आणि आमची मुलगी केतकी, वय वीस. स्थळ: डोंबिवलीतलं आमचं स्वयंपाकघर, संध्याकाळचा चहा.

पैज केतकीने लावली. तिच्या कॉलेजचं वनस्पतिशास्त्राचं शिबिर खडवलीला नदीकाठी होणार होतं, शुक्रवार ते रविवार. केतकीला चौदाव्या वर्षापासून फिट येतात. रोजच्या गोळ्या ती न चुकता घेते, त्यामुळे वर्षातून दोन, फार तर तीन. पण गेल्या सहा वर्षांत ती आमच्याशिवाय कुठे राहिलेली नाही. शाळेची सहल, मामाकडची सुट्टी, मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न, दरवेळी काहीतरी आडवं आलं आणि ते दरवेळी मीच आणलं होतं, हे तिने महिन्यासकट सांगितलं. आकडे लक्षात ठेवण्याची खोड तिने माझ्याकडूनच घेतली आहे. या वेळी डॉक्टरांनी जायला परवानगी दिली होती. फिट लांबलीच तर नाकात मारायचा एक फवारा सोबत ठेवायला लिहून दिला होता.

"फवारा मिळाला की जा," मी म्हणालो.

"मिळाला तरी तू सोडणार नाहीस, बाबा. लाव शंभर."

अटी अशा ठरल्या: मी तिला खडवलीला सोडायचं, एकट्याने परत यायचं, आणि फाटकातून निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही. हे जमलं तर ती मला शंभर देणार, नाही जमलं तर मी तिला.

"वळून का नाही बघायचं?" सुनीताने विचारलं.

"वळला की परत येईल तो," केतकी म्हणाली.

आमच्या सोसायटीत दोन कुटुंबं युरोपला जाऊन आली आणि दोघांनीही प्रवासवर्णन लिहून ग्रुपवर टाकलं. एकाने सतरा भाग टाकले. मी ज्या मुलखात जाऊन आलो तिथे सहसा कोणी हौसेने जात नाही, आणि गेलं तर परत येऊन सांगत नाही. म्हणून हे लिहिलं. मी वजनकाटे तपासण्याचं काम करतो. जे मोजलं ते मोजलं म्हणून सांगेन, जे मोजलं नाही ते तसं सांगेन.

निघण्यापूर्वी सामानाची माहिती. बहुतेक फिट दोनेक मिनिटांत आपोआप थांबतात. तोवर माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली आणि फिट थांबली नाही, तर ती आपणहून थांबेल याचा भरवसा धरायचा नाही. तेव्हा हा फवारा. डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिले असतील तेवढे फवारे, अर्धे एका नाकपुडीत, अर्धे दुसऱ्या. मग डॉक्टर गाठायचा. एवढंच. ही माहिती जेवढ्या वेळात वाचून होते तेवढ्याच वेळात समजते, पण पुढच्या सहा दिवसांत मला ती ठाऊक असलेली माणसं फक्त दोन भेटली.

रविवार: डोंबिवली

प्रवासाची सुरुवात घरापासून करावी म्हणतात. मी घरापासून चालत नऊ मेडिकल पाहिली.

पहिल्या दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि सर्दीची बाटली काढून ठेवली. "नाकात मारायचाच आहे ना?" दुसऱ्याने चिठ्ठी उलटी करून पाहिली. पाठीमागे काही नव्हतं. तिसरा म्हणाला, उद्या मागवतो. चौथाही उद्या म्हणाला. पाचवा म्हणाला, "काका, याला मागणीच नाहीये."

मी म्हटलं, "मी मागतोय की."

"तसं नाही हो. म्हणजे, मागणी नाही."

मागणी म्हणून मी त्याच्या काउंटरपुढे चष्मा लावून उभा होतो, पण त्याला मी दिसत नव्हतो. हे औषध कोणी मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाहीत, आणि दुकानात दिसत नाही म्हणून डॉक्टर लिहायचं टाळतात, आणि लिहिलेलं नसल्यामुळे कोणी मागत नाही. या गोल रस्त्यावर मी त्या दिवशी नऊ ठिकाणी चढलो आणि नऊ ठिकाणी उतरलो.

उपचार मात्र मुबलक मिळाले. डोंबिवलीच्या लोकांना औषध नसलं तरी सल्ला शिल्लक असतो. रांगेतल्या दोघा बायकांनी कांदा फोडून हुंगवायला सांगितला. एका गृहस्थांनी लोखंडी किल्ल्यांचा जुडगा हातात द्या म्हटलं. बाकी सगळे चपलेच्या बाजूचे. फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी चप्पल धरायची ही पद्धत आमच्याकडे इतकी रुजलेली आहे की चप्पल चामड्याची हवी की रबराची चालते यावर दोन गिऱ्हाइकांचा वाद झाला. मी वहीत लिहीत गेलो. दिवसअखेर: चप्पल सात, कांदा दोन, किल्ल्या एक, फवारा शून्य.

केतकीने वही वाचली. "चप्पल जिंकतेय," ती म्हणाली.

सोमवार: कल्याण

कल्याणला मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो. कल्याणची माणसं डोंबिवलीकरांपेक्षा मोकळी आहेत. डोंबिवलीत नाही म्हणताना दुकानदार खजील होतो, कल्याणला तो प्रश्न विचारतो. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात काउंटरमागच्या गृहस्थांनी मला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं आणि चौकशी सुरू केली.

"कोणासाठी?"

"मुलीसाठी."

"वय?"

"वीस."

"चिठ्ठीवर का नाही वय? नुसतं के. आणि आडनाव. के. म्हणजे कोण? तुम्हीपण के. असाल."

मी के. नाही, पण मुद्दा बरोबर होता. हे झोप आणणाऱ्या जातीचं औषध आहे, त्याची रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, पूर्ण नाव लागतं. त्यांचं काटेकोर वागणं मला आवडलं. मीही नोकरीत असाच वागतो. नवी चिठ्ठी आणायचं कबूल करून मी विचारलं, "म्हणजे चिठ्ठी आणली की औषध आहे ना तुमच्याकडे?"

"औषध? नाही, औषध नाहीये. पण असतं तरी या चिठ्ठीवर दिलं नसतं."

चौकशीला बावीस मिनिटं लागली. खाली उतरल्यावर मी एका गाडीवर उभ्याने दोन वडापाव खाल्ले. एक पुरला असता.

मंगळवार: ठाणे, नौपाडा

डॉक्टरांचा दवाखाना नौपाड्यात आहे. ठाणेकर आणि डोंबिवलीकर यांच्यात एक जुना फरक आहे: आपण मुंबईत राहत नाही याचं डोंबिवलीकराला वाईट वाटतं आणि ठाणेकराला बरं वाटतं. रिसेप्शनवरच्या मुलीने पत्ता विचारला. डोंबिवली म्हटल्यावर ती म्हणाली, "अय्या, तिकडनं आलात? मग बसा, वेळ लागेल." दोन्हींचा संबंध मला कळला नाही, पण मी बसलो.

एक तास पन्नास मिनिटं बसलो. मध्ये परवानगी घेऊन समोरच्या दुकानात कोथिंबीर वडी खाऊन, पीयूष पिऊन आलो. त्या वडीबद्दल ठाणेकरांना जो अभिमान आहे तो रास्त आहे, हे इथे नोंदवतो.

डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी पूर्ण नाव, वय, वजन, फवारे, सगळं नव्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं. चाळीस सेकंद. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "दोन गोष्टी. एक, झोप. शिबिराच्या आदल्या रात्री पोरीला पूर्ण झोपू द्या, जागरण झालं की हिला फिट येते हे आपण दोनदा बघितलंय. आणि दुसरं, फवारा हाताशी. तुम्ही नीटनेटके आहात, म्हणून सांगतोय."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मी कौतुक असा घेतला.

नौपाड्यातल्या चार दुकानांपैकी तिघांनी मान हलवली. चौथा तरुण होता, खेदाने म्हणाला, "सर, गेल्या वर्षी एक मागवला होता ना. कोणी नेलाच नाही, मुदत संपत आली, परत पाठवला." तो एक आणि मी एक, आमची चुकामूक एका वर्षाने झाली होती.

बुधवार: वर्तकनगर

वर्तकनगरला माझी मावसबहीण शैला राहते. तिने फोनवर सांगितलं की त्यांच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये "नको ती औषधंसुद्धा" असतात. मी आधी तिच्याकडे गेलो. तिने पोहे केले होते, वर खोबरं. समोर शेजारच्या काकू बसल्या होत्या.

"दादा केतकीसाठी औषध घ्यायला आलाय," शैला त्यांना म्हणाली. "तिला जरा मायग्रेन आहे."

मी म्हटलं, "मायग्रेन नाही. फिट येते."

शैलाने मला पाणी आणायच्या निमित्ताने आत बोलावलं. "अरे दादा, काय हे! चारचौघांत? वीस वर्षांची झाली ती. उद्या स्थळं बघशील तेव्हा हेच लोक आठवण काढतील."

"ती स्वतःच सगळ्यांना सांगते. वर्गात सांगितलंय, बसच्या थांब्यावरच्या मैत्रिणींना सांगितलंय. म्हणते, जो मला ओळखतो त्याला कुशीवर वळवता आलं पाहिजे."

"ती लहान आहे. तू तरी."

बाहेर आलो तर काकू म्हणाल्या, "माझ्या दिरांना होती हो. आम्हीपण मायग्रेनच सांगायचो." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "चप्पल लावायचो." चप्पल आठ.

कोपऱ्यावरचं मेडिकल एक ताई चालवतात, पन्नाशीच्या, केसांत पेन खोचलेलं. चिठ्ठी वाचून त्यांनी एकही प्रश्न न विचारता मागचा खण उघडला आणि बाटली काढली. चार दिवस ज्या वस्तूसाठी फिरत होतो ती माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी मोठी निघाली.

"एवढीशी?" मी म्हटलं.

"मग काय सिलिंडर हवा होता?" त्यांनी मुदत दाखवली, रजिस्टर भरलं, छापील किंमत घेतली. मग सरावासाठी ठेवलेली मिठाच्या पाण्याची बाटली काढली. "बघा. नवीन बाटली असली की आधी हवेत दाबायची, धुकं दिसेपर्यंत. मग नाकात. करा तुम्ही."

मी केलं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या वेळी वीस सेकंद लागले.

"छान. आता ऐका, काका. फ्रीजमध्ये नाही. कपाटात कुलूप लावून नाही. देवापुढे नाही, हसू नका, एक बाई ठेवायच्या. हाताशी. वेळ आली की फक्त टोपण काढायचं राहिलं पाहिजे."

मी शब्दशः लिहून घेतलं. वहीत आजही आहे: फक्त टोपण काढायचं राहिलं पाहिजे.

गुरुवार: पुन्हा डोंबिवली

गुरुवारी मी पॅकिंग केलं.

बाटली तिच्या खोक्यात ठेवली. खोकं दबू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबरबँड लावला, मग उलट्या बाजूने दुसरा. ती पिशवी चिठ्ठीच्या झेरॉक्ससह स्टीलच्या डब्यात बसवली, ज्यातून आंब्याचा रस नेला तरी सांडत नाही असा घट्ट झाकणाचा डबा. झाकणाला चिकटपट्टी, दोन फेरे. डबा कापडी पिशवीत, पिशवीच्या बंदाला गाठ. नदीकाठ म्हणजे दमट, म्हणून वरून आणखी एक पिशवी, तिलाही गाठ. सर्वांत वर पुठ्ठ्यावर लिहिलेल्या सूचना, एक ते अकरा.

आमच्याकडे वस्तूची किंमत तिच्यावरच्या आवरणांवरून कळते. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये, सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल. मला त्यात वेगळं काहीच वाटलं नाही.

"अहो, हे उघडणार कोण?" सुनीता म्हणाली.

"वेळ आली तर उघडेल कोणीही. सूचना आहेत ना."

"उघडून बघ ना एकदा, किती वेळ लागतो," केतकी म्हणाली. "सगळं मोजतोस."

"पुन्हा बांधावं लागेल," मी म्हटलं. चिकटपट्टी वाया गेली असती.

शुक्रवारी सहा बाविसाची गाडी पकडायची होती. मी सगळ्यांना चार वाजता उठवलं. केतकी यादीप्रमाणे सामान लावत बारापर्यंत जागी होती, कारण यादी मी केली होती.

शुक्रवार: खडवली

खडवली हा कल्याणपुढचा वेगळाच देश आहे. गाडीतून उतरलं की पहिल्यांदा शांतता ऐकू येते, मग दवाचा आणि जाळलेल्या पेंढ्याचा वास येतो. वालाची शेतं हिरवीगार. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या स्थानिक कुटुंबाची वाडी आहे, तिथे शिबिर होतं. वाडीच्या मालकीण हिराबाई, साठीच्या, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज दोन शेतं ओलांडणारा.

बत्तीस विद्यार्थी, एक प्राध्यापिका. त्या मॅडमच्या गळ्यात शिट्टी आणि हातात हजेरीपट होता. त्यांनी माझ्याकडून हमीपत्रावर सही घेतली, मग दुसऱ्या हमीपत्रावर. "औषध पालकांनी विद्यार्थिनीकडेच द्यावं," त्या म्हणाल्या. "आम्ही हात लावणार नाही. आम्हाला तसे अधिकार नाहीत."

"पण फिट आल्यावर ती स्वतः कसं घेईल?"

मॅडमनी हमीपत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. हमीपत्रात या प्रश्नाला जागा नव्हती.

म्हणून मी अंगणात सगळ्यांना जमवून माहिती दिली. चाळीस मिनिटं बोललो. पुठ्ठ्यावरच्या अकरा सूचना वाचून दाखवल्या. विद्यार्थ्यांनी जांभया दिल्या. केतकी तोंड लपवून पिंपळाखाली बसली. हिराबाई मात्र दारात भाकऱ्या थापता थापता ऐकत होत्या.

"कललं," त्या शेवटी म्हणाल्या. "कुशीवर टाकाचा, तोंडान काय घालाचा नाय, घड्याल बघाचा. पाच मिन्टांनी दवा. बरोबर?"

"बरोबर."

"मंग एवरा कला बोललाव?" इकडे कला म्हणजे कशाला.

तांदळाची भाकरी, वालाचं कालवण आणि सुकटीची चटणी असा नाश्ता झाला. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि निघायची तयारी केली. पैज जिंकायला मी फाटकापासून पंधरा पावलांवर होतो. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

केतकी पानं गोळा करायच्या कागदांचा गठ्ठा घेऊन येत होती. ती थांबली. तिची मान एका बाजूला वळली आणि ती गठ्ठ्यासकट खाली गेली.

मी धावलो. तिला कुशीवर वळवलं, शर्टाची घडी डोक्याखाली दिली. आजवर मी तिच्या चौदा फिट पाहिल्या आहेत आणि चौदाही अडीच मिनिटांच्या आत थांबल्या होत्या. ही पंधरावी. तयारी असावी म्हणून लगेच पिशवी ओढली.

बाहेरच्या पिशवीची गाठ मीच बांधली होती, त्यामुळे ती सुटेना.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. त्या मनगटाकडे बघत होत्या. कोणीतरी घड्याळ बघायचं असतं एवढं त्यांनी माझ्या चाळीस मिनिटांतून उचललं होतं.

मी गाठीला दात लावले. पिशवी फाटली. आत दुसरी गाठ.

"दोन मिनिटं."

रस्त्यावरून जाणारे लोक आत आले. एक गृहस्थ पायातली चप्पल काढून पुढे सरसावले. हिराबाईंनी त्यांना वाटेतच गाठलं. "ए बाबल्या! चप्पल कला आणलीस? पायान घाल तुजे! पोरीला वारा येव दे, व्हा मागं समदे!" बाबल्या मागे झाला, पण चप्पल हातातच होती, बाजूने कुठे घुसता येतं का बघत.

"तीन मिनिटं."

केतकीचे हातपाय तसेच झटके देत होते. ओठ निळसर दिसायला लागले. दुसरी गाठ सुटली आणि डबा हातात आला. चिकटपट्टीचं टोक मी असं सफाईदार चिकटवलं होतं की ते सापडेना. नखाने खरवडलं. पुठ्ठ्यावर सूचना होत्या, पण पट्टीचं टोक कुठे आहे ही सूचना त्यांत नव्हती.

"चार."

"द्या इकरं," हिराबाई म्हणाल्या. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, स्वयंपाकघरातून विळी ओढली, पट्टी एका झटक्यात कापली, झाकण पातीने उचकटलं. आतलं प्लॅस्टिक रबरबँडसकट चिरलं. खोकं फाडलं.

"पाच मिनिटं. सर, पाच झाली. सर!"

बाटली माझ्या हातात आली. टोपण काढलं. हवेत दाबलं, धुकं येईना. पुन्हा दाबलं, पुन्हा, मग धुकं आलं. एका नाकपुडीत, दुसऱ्या नाकपुडीत, डॉक्टरांनी लिहिले तेवढे.

"साडेसहा," मॅडम म्हणाल्या.

मग आम्ही वाट पाहिली. अंगणात बाकीची एकतीस मुलं उभी होती आणि एकही हलत नव्हतं. झटके आधी विरळ झाले, मग नुसते बोटांत राहिले, मग थांबले. तिने एक लांब, घोरल्यासारखा श्वास घेतला. मॅडमनी आठ मिनिटं दहा सेकंद सांगितले आणि खाली बसून रडायला लागल्या.

औषध साडेसहाव्या मिनिटाला गेलं. पाचव्याला जायला हवं होतं. मधली दीड मिनिटं कोणाची, हे सांगायला वही लागत नाही. नऊ मेडिकलवाले, चौकशी करणारे गृहस्थ, हमीपत्र, चप्पल, या सगळ्यांची मी पाच दिवस थट्टा केली. त्यांपैकी कोणीही तिला दीड मिनिट उशीर केला नाही.

गावातले डॉक्टर पंधरा मिनिटांत आले. त्यांनी श्वास, नाडी, रक्तदाब पाहिला, नौपाड्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि तिच्याजवळ खुर्ची टाकून बसून राहिले. मी सुनीताला फोन केला. सगळं सांगितलं, दीड मिनिटंसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "चार वाजता कोणी उठवलं तिला?"

केतकी साडेतीनला नीट जागी झाली. पाणी प्यायली, नाव, वार, सगळं बरोबर सांगितलं, फक्त डोकं जड आहे म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आज रात्री जवळ कोणीतरी राहा, सकाळी ठीक असेल तर शिबिर करायला माझी हरकत नाही, नौपाड्याचेही तेच म्हणतात. मी रात्रभर राहायचं ठरलं. मी बॅगा कुठे आहेत ते विचारलं.

"का?" केतकी म्हणाली.

"सकाळी घरी जाऊ."

"फवाऱ्याने थांबली ना?"

"थांबली."

"मग त्याच्यासाठीच आणला होता ना आपण, बाबा?"

बॅगांचा विषय मी सोडला. आईला फोन लाव, केतकी म्हणाली. दोघी बोलल्या. फोन माझ्याकडे परत आला तेव्हा सुनीता एवढंच म्हणाली, "तिला झोपू द्या. आणि तुम्ही या."

शनिवार: फाटक

सकाळी केतकी ताजीतवानी उठली, नऊ तास झोपून. डॉक्टर येऊन बघून गेले. मॅडम माझ्याकडे आल्या आणि हात पुढे केला. "बाटली द्या, सर. माझ्या गळ्यात शिट्टीबरोबर राहील."

"तुम्हाला अधिकार नाहीत ना?"

"नाहीत," त्या म्हणाल्या. हात तसाच पुढे होता.

हिराबाईंनी जुन्या लुगड्याच्या कापडाची छोटी थैली शिवली होती, वरून उघडी, गाठ नाही, बटण नाही. मी मॅडमना तीन वेळा सराव करायला लावला आणि मोजलं. थैलीतून बाटली काढून टोपण उघडायला चार सेकंद.

नऊ वाजता मी निघालो. फाटकाशी केतकीने शंभरची नोट माझ्या हातात कोंबली. हरल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही. "जा आता. नाकाच्या सरळ रेषेत. आणि पिशवी ने ती तुझी, फाटकी."

मी निघालो. मागे मॅडमची शिट्टी वाजली, हजेरी सुरू झाली. केतकीचं नाव पुकारलं गेलं, तिने हजर म्हटलं, दोन शेतं ओलांडेल अशा आवाजात. नदीच्या वळणावर मी थांबलो आणि मागे बघितलं. वाडीतून ते वळण दिसत नाही. मला बघताना कोणीही पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर केतकीला फोनवरून रुपये दोनशे पाठवले: शंभर तिचे परत, शंभर मी हरलो ते. हजर: फक्त मी.